मार्गशीर्षातील श्रवणाची फर्द

वैनगंगेवरचा गारठा भंडाऱ्याच्या गल्ल्यांत मुक्काम ठोकतो तेव्हा माझ्या श्रवणाच्या फर्दीत अग्रस्थानी येते ती शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांनी काश्मीरच्या खोऱ्यातील एक दिवस अहिरभैरवापासून प्रहराप्रहराने उलगडणारी, १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. नाताळच्या ध्वनिमुद्रिकांपैकी बिंग क्रॉस्बीचा १९४५ चा पाच तबकड्यांचा संच सौम्य खरा, परंतु किंचित अतिमधुर. उलट २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्याच दुर्दैवी दिवशी, बाजारात आलेली फिल स्पेक्टरची ध्वनिमुद्रिका, वाद्यांचे थरांवर थर रचून साधलेल्या भारदस्त नादामुळे, मला अधिक रुचते. आणि रेव्हरंड टिळकांची भजने? अभंगाच्या वळणाने ख्रिस्तभक्ती गाणाऱ्या त्या रचना मराठी रसिकाने नाताळात अवश्य ऐकाव्यात, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.