सातबाऱ्यावरचे आजोबा

पालघर-बोईसर पट्ट्यातल्या अनेक सातबाऱ्यांवर अजून आजोबाच खातेदार आहेत. आजोबा वारले, मग वडील वारले, काका मुंबईला गेले, आत्या लग्न होऊन केळव्यापासून डहाणूपर्यंत पांगल्या. भात मात्र दर पावसाळ्यात लावला जातो, वाडीतले नारळ उतरवले जातात आणि कागद कुणाला आठवत नाही. तो आठवतो मोजणीची माणसे दारात आल्यावर, आणि या जिल्ह्यात ती येतच राहतात. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र 1969 मध्ये सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यानंतर मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, बोईसरला थांबणारी बुलेट ट्रेन आणि आता वाढवण बंदर.

संपादनाची नोटीस निघते ती सातबारा पाहून. तिथे मयताचे नाव असेल तर मोबदला कुणाला, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यात, वाटणीवरून वाद असल्यास रक्कम प्राधिकरणाकडे जमा करण्याची तरतूद आहे. शेत हातचे जाते, पैसे अडकून राहतात आणि भावंडांचे बोलणे तुटते. म्हणून मृत्युपत्र, प्रोबेट या शब्दांआधी इथल्या घरांनी वारसनोंद करून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

जमीन महसूल संहितेनुसार मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे-नाती सांगणारे प्रतिज्ञापत्र दिले की वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6क मध्ये, नोंद होते. मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. ई-हक्क प्रणालीवरून अर्ज घरबसल्याही करता येतो. 2025 मध्ये सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच राज्यभर काढावी लागली, यावरून किती नोंदी थकल्या आहेत ते कळावे. अर्थात सातबारा हा महसुली कागद आहे. मालकीचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच सुटतो.

प्रतिज्ञापत्रात बहिणी गाळू नका. पूर्वी मुलींची नावे 'इतर हक्क' रकान्यात टाकून विषय मिटवत. हिंदू वारसा कायद्याने 1956 पासूनच वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गाचे समान वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने स्वखुशीने हक्कसोडपत्र नोंदवावे. राखीपौर्णिमेला तोंडी दिलेला शब्द कायद्याला पुरत नाही.

वारली, कोकणा, मल्हार कोळी घरांचे वेगळे आहे. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही; तिथे रूढी पाहतात. मात्र रूढीच्या नावाखाली आदिवासी मुलींना डावलणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात म्हटले.

आता मृत्युपत्र. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. सही आणि ती पाहिलेले दोन साक्षीदार एवढे अत्यावश्यक. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण निवडा, आणि ज्याला मिळकत मिळणार आहे तो नको. नोंदणी ऐच्छिक असली तरी जरूर करा. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा शिक्का. पालघरची माणसे याला विनाकारण घाबरत आली. मुंबई शहरातल्या मिळकतीला किंवा तिथे केलेल्या मृत्युपत्राला हिंदूंसाठी प्रोबेट सक्तीचे होते. बोईसरच्या घराला, इथेच केलेल्या मृत्युपत्रासाठी, ते कधीच नव्हते. ही सक्ती करणारे भारतीय उत्तराधिकार कायद्यातले कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये रद्द केले. वादाची शक्यता दिसत असेल तर प्रोबेट आजही घेता येते आणि तेव्हा ते घ्यावेच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नॉमिनीवरून. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी 2011 मध्ये मृत्युपत्र केले होते. 2013 मध्ये ते गेले आणि त्यांच्या गुंतवणुकीवर नॉमिनींचा हक्क की वारसांचा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 चा निकाल असा, की शेअर आणि रोख्यांचा नॉमिनी केवळ नॉमिनी म्हणून मालक होत नाही, वारसाहक्कच चालतो. बँकेच्या ठेवीचे आणि सोसायटीतल्या फ्लॅटचेही तत्त्व हेच. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, त्याने हे तत्त्व बदललेले नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांना मात्र नॉमिनीचा फॉर्म आजच पाहायला सांगेन. कुटुंब नसताना भविष्य निर्वाह निधीसाठी केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द ठरते. लग्न झाले की नवे भरावे लागते. या निधीला जोडलेल्या विम्याचे कमाल सात लाख रुपये असतात. रसायनांच्या कारखान्यात स्फोट होतात, माणसे जातात, आणि तेव्हा मागे राहिलेल्या बाईला कागद शोधत फिरावे लागते. पीएफचा यूएएन क्रमांक, ग्रॅच्युइटीचा फॉर्म, विम्याची पॉलिसी आणि बँक पासबुक कुठे ठेवले आहे, ते बायकोला याच दिवाळीत दाखवून ठेवा.