पिंजऱ्याला एक दिवस सुट्टी

मागच्या भागात आपण नवापूरला होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथे कोंबड्या पटापट मेल्या, म्हणून निदान रोग कळला. पोल्ट्र्या कुंपणातल्या होत्या, त्या काही दिवसांत रिकाम्याही करता आल्या. जानेवारी २००८ मध्ये बर्ड फ्लूचा तोच एच५एन१ विषाणू बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात पोचला, तेव्हा कुंपणच नव्हतं. कोंबडी परसात, बदक तळ्यात आणि रात्री दोघंही घराच्या आडोशाला. तीस लाखांहून जास्त पक्षी मारावे लागले.

कोलकात्याची गोष्ट याहून अवघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातली अडीच वर्षांची एक मुलगी कोलकात्यात राहायला आली, तिथेच आजारी पडली आणि परतताच रुग्णालयात दाखल झाली. मेलबर्नच्या अतिदक्षता विभागात उपचार होऊन ती बरी झाली. आजार निघाला एच५एन१. ऑस्ट्रेलियातला माणसातला तो पहिलाच रुग्ण. आजारी पक्ष्याजवळ ती गेल्याचं घरच्यांना आठवत नव्हतं. त्याच सुमारास बंगालमधलं चार वर्षांचं एक मूल तापाने आणि श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात होतं. त्याच्या घरी कोंबड्या होत्या. त्याचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने ओळखला: एच९एन२.

या एच९एन२ची मला जास्त धास्ती वाटते. त्याने कोंबडी सहसा मरत नाही. फार तर अंडी कमी देते. त्यामुळे गावात बोंब होत नाही, पक्षी मारणारं पथक येत नाही, आणि धडधाकट दिसणारी कोंबडी टेम्पोतून शहराच्या बाजारात पोचते. तिथे कालच्या उरलेल्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यात आजचा माल उतरतो. जुन्यांकडून नव्यांना लागण, उद्या त्यांच्याकडून पुढच्यांना. पिंजरा कधी रिकामाच होत नाही, मग विषाणूला मरायला वेळ कधी मिळणार?

हाँगकाँगने १९९७ साली हे एच५एन१च्या रूपात भोगलं. अठरा माणसं आजारी पडली, सहा दगावली आणि शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या गेल्या. पण रोगाच्या मुळाला हात घातला तो पुढे. २००१ पासून महिन्यातून एक दिवस सगळे गाळे बंद: उरलेले पक्षी मारायचे, पिंजरे घासून धुवायचे, वाळू द्यायचे. लाव्हे बाजारातून हटवले. २००८ मध्ये जिवंत पक्षी रात्रभर गाळ्यात ठेवायलाच बंदी आली. सुट्टीचा दिवस आणि लाव्ह्यांची हकालपट्टी एवढ्यानेच बाजारातल्या कोंबड्यांत एच९एन२ सापडण्याचं प्रमाण बरंच घटलं. त्यासाठी लागलं काय, तर पाणी, साबण आणि जंतुनाशक.

हेच कोलकात्यात करायचं म्हटलं तर विक्रेता म्हणेल, माझ्या एका दिवसाच्या धंद्याचं काय? रास्त प्रश्न आहे. एकट्याने गाळा बंद ठेवला तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, म्हणून सुट्टी अख्ख्या बाजाराला एकाच दिवशी हवी आणि उरलेल्या पक्ष्यांची भरपाई हातोहात. बंदचा एवढा सराव असलेल्या कोलकात्याला महिन्यातला एक बंद कोंबड्यांसाठी पाळणं जड जाऊ नये. कोंबड्या कापणाऱ्या-सोलणाऱ्या माणसांना दरवर्षी साध्या फ्लूची लसही द्यावी. ती बर्ड फ्लू रोखत नाही. पण माणसाचा आणि पक्ष्याचा विषाणू एकाच शरीरात गाठ पडून नवा संकर तयार होण्याची शक्यता कमी करते.

ही गाठ डुकराच्या शरीरात फार सहज पडते. पुढच्या आठवड्यात त्याविषयी.