आईला भेटावे की नाही? : एका गुणाकाराची गोष्ट

२०२० साली गणपती २२ ऑगस्टला आले. कोविड-१९ ची साथ तेव्हा जोरात होती. मुंबईत राहणाऱ्या माझ्यासारख्या अनेक चाकरमान्यांपुढे प्रश्न होता : गावी जावे की नाही? माझी आई ७५ वर्षांची, कोकणात एकटी राहणारी. गेलो तर रोग आपणच घेऊन जाऊ ही भीती. न गेलो तर ती एकटी पडणार.

अशा प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नसते. पण विचार कसा करावा हे नववीच्या मुलांनाही समजेल. त्यासाठी गुणाकार पुरतो.

आईचा धोका तीन गोष्टींवर अवलंबून होता. पहिली, मला संसर्ग झालेला असण्याची शक्यता. दुसरी, तो माझ्याकडून तिच्यापर्यंत पोचण्याची शक्यता. तिसरी, तिला संसर्ग झाल्यास मृत्यू ओढवण्याची शक्यता. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे एका भेटीचा धोका.

तिसरी गोष्ट वयाशी जखडलेली आहे. लस येण्यापूर्वी, मुख्यतः श्रीमंत देशांतील पाहण्यांवरून काढलेले अंदाज असे : २५ व्या वर्षी दहा हजार बाधितांत एक मृत्यू, ५५ व्या वर्षी हजारात ४, ६५ व्या वर्षी १४, ७५ व्या वर्षी ४६ आणि ८५ व्या वर्षी सुमारे १५०. म्हणजे वय दहा वर्षांनी वाढले की धोका साधारण तिप्पट होतो.

आता समजा, शहरात दर २०० माणसांत एकजण रोग पसरवण्याच्या अवस्थेत आहे, आणि एका घरात राहिल्यास पाचात एक वेळा संसर्ग पोचतो. (हे दोन आकडे केवळ उदाहरणासाठी.) हजारात ४६ म्हणजे सुमारे २२ मध्ये एक. २०० × ५ × २२ = २२,०००. एका भेटीचा धोका बावीस हजारांत एक. हा क्षुल्लक वाटतो. पण वर्षात अशा ५० भेटी झाल्या तर तो ४४० मध्ये एक होतो. साथ भडकून २०० च्या जागी २० मध्ये एक बाधित असेल, तर एकाच भेटीचा धोका दसपट होतो.

पहिल्या दोन गोष्टी मात्र आपल्या हातात असतात. या रोगाची लक्षणे तेव्हा संसर्गानंतर सरासरी पाच दिवसांनी दिसत, कधी चौदा दिवसही लागत. आणि लक्षणे दिसण्याआधी एक-दोन दिवस माणूस रोग पसरवू शकतो. म्हणून 'मला काही होत नाही' ही खात्री पुरेशी नसते. काही दिवस अलग राहिल्याने पहिली शक्यता घटते. विषाणू मुख्यतः बंद खोलीतील हवेतून पसरतो. म्हणून पडवीत किंवा अंगणात बसणे, मास्क लावणे, वेगळ्या खोलीत झोपणे यांनी दुसरी घटते. दोन्ही दहाव्या हिश्शावर आल्या तर एकूण धोका शंभराव्या हिश्शावर येतो, हे गुणाकाराचे वैशिष्ट्य.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही वजन असते. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील तीन लाखांहून अधिक व्यक्तींपैकी ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे दीडपट दिसली. अर्थात, आजारी माणसाच्या गाठीभेटी आपोआपच कमी होतात. त्यामुळे सगळे श्रेय नात्यांना देता येत नाही. तरीही न भेटणे म्हणजे शून्य धोका, असे नव्हे.

मी हे आकडे आईला फोनवर सांगितले, कारण जीव तिचा होता. "ये, पण दहा दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत राहा," असे तिने ठरवले. मी तसाच राहिलो.

१ मार्च २०२१ पासून भारतात साठ वर्षांवरील सर्वांना लस मिळू लागली आणि जखडलेली वाटणारी तिसरी शक्यताही कमी झाली.

हा गुणाकार वर्गात जरूर करून घ्यावा. मुलांना आकडे बदलू द्यावेत : पाहुणे सहा असतील तर? आजी ८५ वर्षांची असेल तर? उत्तर बदलेल, रीत तीच राहील, आणि पुढच्या साथीतही ती उपयोगी पडेल.