दांडा सरळ होईपर्यंत

"मावशी, आता आवाज ऐक," दारं बंद होताच भाचा म्हणाला. तो मुंबईत विमानांच्या देखभालीचं काम करतो. सुट्टी संपवून जबलपूरमधल्या अधारतालच्या घरून कामावर निघाला होता, मीही सोबत होते. विमान एअरबस ए३२० निओ, आमच्या जागा इंजिनाच्या जरा मागे.

बाहेर एक जाडसर, घुमता सूर लागला आणि चढेचना. मला वाटलं, काहीतरी अडलं. भाचा निवांत. म्हणाला, थोड्याच वेळापूर्वी उतरलेल्या विमानाचं इंजिन सगळीकडून सारखं निवत नाही. वरची बाजू जास्त तापलेली राहते आणि आतला दांडा केसभर वाकतो. म्हणून इंधन पेटवण्याआधी तो नुसता फिरवत ठेवतात, सरळ होईपर्यंत. मग सूर चढला. तरी आम्हाला बोलणं थांबवावं लागलं नाही.

मघाशी डुमना विमानतळाच्या काचेतून त्याने पंखा दाखवला होता. जुन्या ए३२० च्या पंख्याचा व्यास जास्तीत जास्त सुमारे ६८ इंच, याचा ८१. मध्ये गिअर असल्याने आतलं टर्बाइन भन्नाट फिरतं आणि पंखा त्याच्या वेगाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश मागे लोटली, की इंधन कमी लागतं, गोंगाटही कमी होतो. या नव्या विमानात सुमारे १५ टक्के इंधन वाचेल, असं एअरबसने सांगितलं होतं.

ही इंजिनं नाजूकही निघाली. २०२३ मध्ये त्यांच्या काही भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष आढळला आणि देशोदेशी विमानं तपासणीसाठी जमिनीवर अडकली. तरीही मला नवी विमानंच हवीत. डुमन्याला मार्च २०२४ मध्ये नवी इमारत मिळाली, आणि विमानं कमी झाली म्हणून जूनमध्ये जबलपूरकरांनी 'नो फ्लाइंग डे' पाळला. विमान कंपन्यांचा सगळ्यात मोठा खर्च इंधनाचा. फेरी परवडेनाशी झाली की आधी आमच्यासारखी शहरं गळतात. त्या १५ टक्क्यांत मला भाच्याचं दिवाळीला घरी येणं दिसतं.

विमानाने जमीन सोडली. खाली खंदारी जलाशयाचं पाणी चमकलं, ते दाखवायला मी वळले. भाच्याचा कान अजून इंजिनाकडेच होता.