उसण, पायाळू आणि गरोदर कंबर

सकाळची डोंबिवली लोकल. महिला डब्यात चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकलेली सातव्या महिन्यातली बाई, एक हात पोटावर, दुसरा कमरेवर. निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांची कंबर कधी ना कधी दुखतेच.

घरी आजी म्हणते, "उसण भरली असेल, पायाळूचा पाय लावून घे." पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेला माणूस. आता मोबाइलवर कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओ येतात. मणक्याला हिसका, कट्‌ असा आवाज, लगेच हसरा चेहरा. डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत 1895 मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टला सुरू केली. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांधा ताणला की आतल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा असतो.

मुळात गरोदरपणात हाड सरकलेलं नसतंच. पोट वाढतं तसा शरीराचा तोल पुढे जातो आणि तो सावरायला कंबर मागे वाकते. स्त्रीच्या कमरेचा बाक तीन मणक्यांवर पसरतो, पुरुषाचा दोनांवरच, हे 2007 मध्ये 'नेचर'मधल्या संशोधनाने दाखवलं. लाखो वर्षांची ही तजवीज आहे. तरीही ठाण्यापर्यंत उभ्याने प्रवास केला की पाठीचे स्नायू थकतात. त्यात संप्रेरकांमुळे ओटीपोटाचे सांधे सैल होतात. सैल सांध्याला आणखी हिसका कशाला?

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात गरोदरपणातल्या कंबरदुखीवरच्या 34 चाचण्या तपासल्या गेल्या. व्यायामाने दुखणं कमी होतं असं दिसलं, पुरावा फार भक्कम नसला तरी. हाताने केलेल्या उपचारांचा पुरावा त्याहून तोकडा निघाला. काही कायरोप्रॅक्टर पोटातलं पायाळू बाळ फिरवण्याचाही दावा करतात. तो सिद्ध झालेला नाही.

रोज थोडं चालणं, जमेल तसं मार्जारासन, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, हे आधी करून पाहा, तेही आपल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारून. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे अशी परिषदच नाही. म्हणून कुणाच्याही टेबलावर आडवं होण्याआधी नोंदणी क्रमांक मागा.

आणि दुखणं कळांसारखं येऊन-जाऊन होत असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, पाय बधिर पडत असतील, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर आजीचा पायाळू नको, व्हिडिओही नको. त्याच तासाला रुग्णालय गाठा.