भिंगाचं तोंड केवढं?

दोस्तांनो, तुमच्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटो कधी नीट पाहिलेत? आमच्या शाळेचे मात्र पाहू नका! मागच्या वर्षी ऐन नाटकात वीज गेली. कंदिलाच्या उजेडात मी फोटो काढले खरे, पण त्यात राजाला दोन डोकी अन् राणीला तोंडच नाही! राणी झालेल्या मुलीची आई फोटो मागायला आली, तेव्हा काय सांगावं ते सुचेना.

माझ्या कॅमेऱ्याची लेन्स पन्नास मिलिमीटरवर ‘एफ ५.६’ची. म्हणजे ५० भागिले ५.६, तोंड जेमतेम ९ मिलिमीटरचं. मित्राकडून ‘एफ १.८’ची आणली. तिचं तोंड २८ मिलिमीटरचं. आकडा लहान, तोंड मोठं! उजेड जवळजवळ दहापट आत येतो. जिथे सेकंदाचा सहावा भाग लागायचा, तिथे साठावा पुरतो. म्हणून तर हिला ‘फास्ट’ म्हणायचं. तेवढ्यात राजाला डोकं हलवायला सवड कुठली?

मग भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून परीक्षाच घेतली. एफ १.८ला मधली अक्षरं वाचता आली, कोपऱ्यातली मात्र फिसकटलेली आणि काळवंडलेली. भिंगाच्या कडेनं येणारे किरण मधल्या किरणांशी नेमके एका बिंदूत भेटत नाहीत ना! तोंड एफ ४पर्यंत बारीक केलं, तर कोपरेही लख्ख. पण मग उजेड पाचपट कमी. घ्या!

याहून अचाट लेन्स जर्मनीच्या झाइस कंपनीनं १९६०च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’साठी बनवली होती. एफ ०.७! तोंड ७१ मिलिमीटरचं, आणि नग फक्त दहा. त्यांतले तीन स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकानं मिळवले आणि ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या सिनेमातले प्रसंग चक्क मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. कॅमेरा सांभाळणाऱ्या जॉन अल्कॉट यांना ऑस्कर मिळालं. नटांची मात्र पंचाईत! जरा पुढे-मागे झालं की चेहरा धूसर. तोंड मोठं, की स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद.

माझ्या उसन्या लेन्सचीही तीच गत. दीड मीटरवर जेमतेम चार बोटं जागा स्पष्ट. परवा त्याच राजा-राणीला पुन्हा कंदिलापुढे उभं केलं. राणीच्या पापण्यासुद्धा मोजता येतात! राजा वीतभर मागे उभा होता, तो धुक्यात गेला.

राणीच्या आईला फोटो दिला. राजाची आई अजून आलेली नाही.