‘मंदिरपथगामिनी’चे शिल्पकार म्हात्रे

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना बाहेरील भिंतीवरच्या मूर्तींपाशी पाऊल सहजच थबकते. त्या घडविणाऱ्या हातांची नावे मात्र आज आपणांस ठाऊक नाहीत. मूर्तिकाराने स्वतःच्या नावानिशी लोकांपुढे यावे, ही रीत आपल्याकडे इंग्रजी अमदानीत कलाशाळा निघाल्यावर रूढ झाली. त्या रीतीचे अग्रणी म्हणजे गणपतराव काशिनाथ म्हात्रे.

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत शिकत असताना, १८९६ च्या सुमारास, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती केली. नऊवारी नेसलेली, हाती पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली एक तरुणी, एवढाच तिचा विषय. वस्त्राच्या चुण्यांतून देहाची गती दाखविण्याची विद्या पाश्चात्त्य होती. तेथील विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांचे प्लॅस्टरचे ठसे पुढे ठेवून हात बसवीत. इटलीत कानोव्हासारखे नामांकित शिल्पकारही प्रथम मातीची प्रतिमा करून तिचा प्लॅस्टरमध्ये ठसा घेत, आणि त्यावरील मापांनी संगमरवर कोरवीत. युरोपात जो मधला मुक्काम, त्याच प्लॅस्टरमध्ये म्हात्र्यांच्या मूर्तीने कीर्ती मिळविली.

सर जॉर्ज बर्डवुड यांनी १८९८ साली तिची मुक्तकंठाने स्तुती केली. याच गृहस्थांनी १९१० मध्ये एका बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगाची उपमा दिली, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या स्तुतीचे मोल कळते. त्यांना आवडले ते आपल्यातील ग्रीकत्व! म्हणून ही कला परकी ठरते काय? आमच्या मते नाही. हत्यार कोठूनही यावे; पदर सावरण्याची ती तऱ्हा, पावलातील तो संकोच घरच्याच माणसाच्या नजरेला टिपता येतो.

पुढे म्हात्र्यांनी ‘सरस्वती’ घडविली. परंतु त्यांचे पुष्कळसे आयुष्य व्यक्तींचे पुतळे करण्यात गेले. अहमदाबादेसाठी त्यांनी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा केला, मुंबईसाठी न्यायमूर्ती रानड्यांचा. १९४७ साली ते निवर्तले.

यात दोष शिल्पकाराचा नव्हे. दगडाला व ओतकामाला द्रव्य लागते, आणि ते देणारा जे मागेल तेच घडते. ज्या समाजाने राजांचे व पुढाऱ्यांचे पुतळे मागितले, त्याला ते मिळाले. आपल्याच घरातून पूजेला निघालेली ती तरुणी मात्र एका विद्यार्थ्याच्या हौसेने जन्मास आली. गुणी हाताला चांगले काम मागणे, हेही रसिकाचे कर्तव्यच होय.